सातेरी किराणामधलं पाणमांजर

पाणमांजर किराणा दुकानात सापडलं, त्या सकाळी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. कुणीतरी प्लॅस्टिकचं सूर्यफूल पाठवलं होतं. एका बाईंनी सोफ्याच्या कापडावरचा मोर पाठवला होता. आणि एका उत्साही गृहस्थाने खेकडा पाठवला होता, तोही ताटात, रश्शासकट, वर लिंबू पिळलेला. मी या सगळ्या नोंदी निकालात काढल्या, गार झालेला चहा तसाच प्यायले आणि पुढची उघडली.

पुढच्या फोटोत पाणमांजर होतं. ओल्या खडकावर उभं, तोंडात मासा, मिश्यांवरून पाणी निथळतंय. असा फोटो मी पुस्तकातसुद्धा क्वचित पाहिला होता. खाली ठिकाण लिहिलेलं होतं: सातेरी किराणा, आंबेगाळू. नावाचा रकाना मोकळा होता.

ही गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची. मी कोल्हापुरात राहते. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि सुनेच्या स्वयंपाकात नाक खुपसण्यापेक्षा बरं, म्हणून ‘निसर्गनोंद’ नावाच्या संकेतस्थळावर काम करायला लागले. काम फुकटचं. लोकांनी आपापल्या भागात दिसलेल्या प्राण्यांचे, झाडांचे फोटो तिथं चढवायचे आणि जाणत्यांनी ते ओळखायचे. ज्या फोटोंखाली साधं ‘पक्षी’ की ‘किडा’ एवढंही लिहिलेलं नसायचं, त्या सगळ्या नोंदी एका ढिगात जाऊन पडत. त्याला ‘अनामिक’ म्हणत. तो ढीग उपसायला कुणी तयार नव्हतं, म्हणून तो माझ्या गळ्यात आला. जन्मभर पोरांचे पेपर तपासले, पण निदान पोरं वर नाव तरी लिहायची.

आणि त्या ढिगातलं माझं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे हे सातेरी किराणा. या खात्यावरून रोज फोटो येत. धनेश, खवलेमांजर, बेडूक, कोळी, नदीतले मासे. एकापेक्षा एक फोटो, आणि एकाखालीही अक्षर नाही. ठिकाण मात्र सगळ्यांचं एकच. नकाशा उघडला की सगळा सह्याद्री त्या एका दुकानात, गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांमध्ये दाटीवाटीने बसलेला दिसायचा. आता आमच्या कामात प्राणी कोणता याच्याइतकंच तो कुठं दिसला याला महत्त्व. ठिकाण चुकलं की फोटो कितीही सुंदर असो, नोंद मातीमोल.

मी खाली शेरा लिहिला: ‘हे पाणमांजर आहे. पाणमांजर नदीत राहतं, किराणा दुकानात नाही. ठिकाण दुरुस्त करा.’

संध्याकाळी उत्तर आलं: ‘बाई नमस्कार. दुकान बरोबर असा.’

मी लिहिलं: ‘दुकान बरोबर आहे, पाणमांजर चूक आहे.’

उत्तर आलं: ‘पाणी पण बरोबर असा. जेवलात?’

असं पंधरवडाभर चाललं. शेवटी वैतागून मी माझा फोन नंबर लिहिला आणि म्हटलं, काय ते तोंडाने सांगा. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

“बाई, सातेरी किराणातसून शेवंती बोलतंय.”

आवाज बाईचा, पन्नाशीतला असावा. मागे कुणीतरी साबण मागत होतं.

“हे फोटो तुम्ही काढता?”

“मी नाय गे बाई. हे काढतत. सांजचे इले की फोन हंय गल्ल्यार ठेवतत, मगे तो आपसूक काय ता चढवता. गावात रेंज नाय. वायफाय फक्त आमच्या दुकानात असा.”

म्हणजे असा घोटाळा होता. फोटो रानात निघत होते आणि फोन दुकानाची जागा चिकटवून मोकळा होत होता. मला जरा हायसं वाटलं. चूक कळली की दुरुस्त करता येते, असा माझा शिक्षकी भाबडेपणा.

“मग त्यांना सांगा, फोटो कुठं काढला ते लिहायचं.”

“ता कसा सांगतलंय? रानात जाणाऱ्याक खंय म्हणान इचारूचा नसता.”

“अहो, आल्यावर विचारा.”

“इल्यार ते सांगणत नाय.”

मी डोळे मिटून घेतले. “बरं. प्राण्याचं नाव तरी लिहा. पाणमांजराला तुमच्यात काय म्हणतात?”

पलीकडून हलक्या आवाजात, “ता... पाण्यातला.”

“पाण्यातलं काय?”

“नाव घेवचा नसता बाई. आमी रानातल्यांची नावां घेणव नाय.”

“आणि तुमच्या मिस्टरांचं? त्यांचं नाव काय? मी माणसाशी बोलायचं की मसाल्याच्या पुड्यांशी?”

ती खुदकन हसली. या वयात, नवऱ्याच्या नावावरून. “तेंचा नाव दुकानाच्या पाटयेर असा.”

“मी कोल्हापुरात बसून तुमची पाटी वाचू?”

“पाटयेचो फोटो असा की.”

फोटो होता खरा. मी शोधून काढला. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत सातेरी किराणा, त्याखाली प्रो. प्रा., आणि त्यापुढे, नेमक्या नावावर, डोक्यापासून शेपटीपर्यंत ऐसपैस पसरलेली पाल. मी ‘पाल’ असं लिहिलं आणि संगणक बंद केला. त्या दिवशी मला घरातल्या कुणी काही विचारलं असतं तर मी चावलेच असते.

भाद्रपद सरता सरता त्या खात्याने नवाच ताप सुरू केला. काळे फोटो. आधी एखाददोन फुलं, आणि मग नुसता अंधार. पूर्ण काळी चौकट, पुन्हा काळी चौकट, पुन्हा काळी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी पहिल्यांदा लिहिलं, ‘फोटोत काही दिसत नाही.’ मग लिहिलं, ‘कृपया उजेडात फोटो काढा.’ मग नुसतंच ‘अंधार’ लिहून एकेक नोंद ‘पुरावा अपुरा’ म्हणून बंद करत गेले. गृहस्थ बहुतेक खिशातल्या खिशात बटण दाबतात, अशी माझी खात्री झाली.

त्यानंतर दोन दिवस सातेरी किराणाकडून काहीच आलं नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवंतीचा फोन आला. मी लगेच सुरू झाले, “हे बघा, ते काळे फोटो...”

“बाई, हे येवक नाय.”

“कोण?”

“हे. परवा सकाळी गेले. अजून येवक नाय.”

मी खुर्चीत बसले. मागे आज कुणी साबण मागत नव्हतं. दुकान रिकामं असावं.

“शोधताय ना?”

“सगळो गाव नदीर गेलोसा. ह्येंका नदीचा वेड, त्या पाण्यातल्याच्या पाठसून काठाकाठान फिरतत. लोक कोंडीत गळ घालतत, बाई. गळ.” कोंड म्हणजे नदीतला खोल डोह. त्यात गळ माशांसाठी टाकत नव्हते, हे मला विचारावं लागलं नाही.

“पोलिसांना कळवलंत? थांबा, तालुक्याला मी फोन करते. नाव सांगा त्यांचं.”

तिने नुसतं नाक ओढलं.

“शेवंतीबाई, नाव!”

“पाटयेर...”

“पाटीवर पाल आहे!” मी ओरडले. “तुमचा माणूस हरवलाय आणि तुम्हाला नाव घ्यायला लाज वाटते? उखाण्यात घ्या हवं तर, पण घ्या!”

ती रडायला लागली. नाव मात्र आलं नाही. माझा प्रचंड संताप झाला. संताप तिच्यावर होता, त्या चालीरीतींवर होता, आणि सगळ्यात जास्त आपण इतक्या लांब बसून काही करू शकत नाही याचा होता.

“मग मला कशाला फोन केलात?” मी विचारलं.

“तेंचो फोन तेंच्याकडे असा. फोटो तुमच्याकडे. ते खंय जातत ता आमी कोणी बघूक नाय. तुमी रोज बघतास.”

बाईचं म्हणणं सरळ होतं. रोज त्या माणसाच्या मागोमाग रानात जाणारी मी एकटीच होते, आणि मी तिथं जाऊन ‘अंधार’ लिहून परत येत होते.

“फोन ठेवू नका,” म्हटलं, आणि संगणक लावला.

शेवटच्या चार-पाच दिवसांतल्या नोंदी उघडल्या. बंद केलेल्या नोंदी नाहीशा होत नाहीत, मागे ढकलल्या जातात एवढंच. प्रत्येक दिवसाचा पहिला फोटो फुलाचा होता. बारीक, जांभळी फुलं, ओल्या जांभ्या दगडावर. सीतेची आसवं. पुढे गवतात पांढरे गेंद. ही फुलं नदीकाठी येत नाहीत. ती उघड्या सड्यावर येतात, कातळावर जिथं पावसाचं पाणी बोटभर साचतं तिथं.

“तुमच्याकडे सडा आहे का? गावाच्या वर?”

“असा. पण थंय कोण जाता? गुरां चरतत.”

“ते जात होते. रोज. नदीवर नाही, सड्यावर.”

मग मी त्यातला एक काळा फोटो घेतला आणि त्याचा उजेड वाढवत नेला. नातवाने शिकवलं होतं मला ते, कुणाच्या तरी लग्नातले काळे आलेले फोटो उजळायला. चौकट काळ्याची राखाडी झाली. आधी खडकाची भिंत दिसली. नंतर वर, छताला, ओळीने लोंबणारी काहीतरी बोंडं. अजून उजेड वाढवला. बोंडांना कान फुटले. पंख अंगाभोवती घट्ट लपेटून, उलटी, शेकड्यांनी झोपलेली वटवाघळं होती ती. नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेली जात. ही झाडावर राहत नाहीत. यांना गुहा लागते, भुयार लागतं, जिथं माणसाचं पाऊल पडत नाही अशी पडकी जागा लागते. फ्लॅश मारला तर सगळी उठतात, म्हणून बिचाऱ्याने अंधारातच फोटो काढले होते.

“शेवंतीबाई, सड्यावर गुहा आहे?”

“नाय बाई.”

“जुनं देऊळ? तळघर? भुयार?”

“नाय... थांबा. खाणीचा भोक असा. मी लगीन होवन इलंय त्याच्या आधी कोणी कंपनीवाल्यांनी खणल्यानी नि सोडून गेले. करवंदीच्या जाळयेखाली बुजान गेला.” ती बोलता बोलता थबकली. “आत पाण्याचो खड्डो असा म्हणतत.”

“तिथं जा. आत्ता. कुणाला तरी घेऊन जा.”

“सगळे बापये नदीर...”

“मग तुम्ही जा!”

फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही. रिसीव्हर टेबलावर आपटला, मग शटर अर्धवट ओढल्याचा खडखडाट आणि तिची धावती पावलं. पलीकडे शेजारणीला मारलेली हाक, तेवढी ऐकू आली.

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. घरात सगळ्यांवर ओरडून झालं. सुनेने कॉफी आणून ठेवली, तीही कडू लागली. थोड्या थोड्या वेळाने मी सातेरी किराणाला फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. कसा लागणार, रिसीव्हर बाजूला पडलेला. बऱ्याच वेळाने एकदाची घंटा वाजली आणि कुणीतरी उचललं.

“सापडले का?” मी जवळजवळ किंचाळले.

“कोण?” म्हातारा, सावकाश आवाज. “दुकानात कोण नाय. मी ह्यो बाजूक पडलेलो फोन ठेवलंय, तर वाजाकच लागलो.”

“तुम्ही कोण?”

“माका गूळ होयो होतो.”

“अहो, ते सापडले का?”

“गूळ? नाय. खंय ठेवतत देव जाणे. पयलो हंय डब्यात असायचो.”

“गूळ राहू दे! फोन खाली ठेवा आणि मोकळा राहू दे!” मी म्हटलं. म्हाताऱ्याने “बरां” म्हणून रिसीव्हर जागेवर न ठेवता पुन्हा टेबलावर ठेवला, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. त्यानंतर तासभर मी फोन कानाला लावून त्या रिकाम्या दुकानातलं घड्याळ आणि गूळ शोधणाऱ्या म्हाताऱ्याचं खोकणं ऐकत बसले. मनात देवाचं नाव घेत होते. मी देव मानत नाही, पण त्या दिवशी कुठला देव आठवला नाही असं झालं नाही.

मग गलबला ऐकू आला. पुष्कळ माणसं एकदम बोलत होती. कुणीतरी रिसीव्हर उचलला.

“बाई?” ती धापा टाकत होती.

“बोला.”

“गावले.”

मला पुढचं विचारायचा धीर होईना. तिनेच सांगितलं. “जिते असत. पाय मोडलो. दोन जाग्यार.”

मी इतकी वर्षं माणसांसमोर कधी रडले नव्हते. सून धावत आली तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी गेलं.

दिवाळीनंतर मी आंबेगाळूला गेले. मुद्दाम गेले. मला त्या माणसाला चार शब्द सुनवायचेच होते. एसटी दुकानासमोरच थांबली. गृहस्थ दाराशी बाकावर बसले होते, पाय प्लास्टरमध्ये लांब केलेला. किडकिडीत, दाढीचे खुंट पांढरे, आणि डोळे असे शांत की माझा राग आणखीच वाढला. शेवंतीने मला तांदळाच्या पोत्याजवळ स्टुलावर बसवलं आणि चहा ठेवला.

“काय पाहत होतात त्या भोकात, रोजच्या रोज?” मी विचारलं.

“पिल्लां होती,” ते म्हणाले. “आवशीच्या पोटाक धरून. मोठी झाली काय बघीत होतंय.”

“आणि पडलात?”

“काय करतलंय. पाय घसारलो.”

“बरं, पडलात. दोन दिवस पाय मोडून आत पडलात. शेवंतीबाई तोंडाशी येऊन हाका मारत होत्या, ते ऐकू आलं की नाही?”

“इला की.”

“मग ओ का दिली नाहीत? त्या मला म्हणाल्या, किती वेळ हाका मारल्या, उत्तर नाही म्हणून त्या परत फिरत होत्या. परत फिरत होत्या, कळतंय का तुम्हाला? त्या गेल्या असत्या तर पुन्हा तिथं कोण आलं असतं?”

पोराला समजावावं तसं ते म्हणाले, “बाई, ही भायरसून ‘अवो, अवो’ करी होती. आत आवाज घुमता. बाईमाणसाचो आवाज, इतक्याच कळला. रानात असो आवाज इलो तर ओ देवची नसता. ता कोण असता, काय असता, आमका काय ठावक? रान कोणाकय ‘अवो’ म्हणात.”

माणूस मरणाच्या दारात, बायको दारात, आणि हा कायदा पाळत बसलेला!

“मग कशी दिलीत शेवटी?”

“मगे नाव इला.”

“कुणाचं?”

“माझा.” त्यांनी शेवंतीकडे पाहिलं नाही. शेवंतीने पाठ फिरवली आणि कुणी मागितलेला नसताना रवा तोलायला घेतला. “पयल्यांदा बारीक इला. मगे मोठ्यान. मगे अशी बोंब मारल्यान की वटवाघळां उठली. रानाक माझा नाव ठावक नाय, बाई. थंय कोणी कोणाचा नाव घेणा नाय ता त्याच्याचसाठी. नाव घेतला म्हणजे घरचा माणूस. म्हटलंय, ही इली. ओ दिलंय.”

तराजूचं पारडं कलंडून रवा सांडला. “पुरे झाला,” शेवंती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. “घेतलंय एकदा. परत घेवचंय नाय.”

मी चार शब्द सुनवायला आले होते. ते सगळे चहाबरोबर गिळले.

निघताना त्या गृहस्थांनी फोन उचलला आणि माझ्याकडे रोखला. मी म्हटलं, माझा कशाला काढता, मी काय रानातली आहे? ते हसले फक्त. एसटीत बसताना मी वळून दुकानाकडे पाहिलं. निळ्या पाटीवर त्या दिवशी पाल नव्हती. मी नाव वाचलं.

दुसऱ्या सकाळी ढीग उपसायला बसले. एका फुलपाखरानंतर आणि कुणाच्या तरी मांजरानंतर माझाच फोटो समोर आला. स्टुलावर बसलेली, कपाळाला आठ्या, हातात कप, मागे तांदळाची पोती. नावाचा रकाना मोकळा. ‘पक्षी’ नाही, ‘किडा’ नाही, काही नाही. ठिकाण: सातेरी किराणा, आंबेगाळू.

पाटीवरच्या त्या पालीनंतर पहिल्यांदाच त्या खात्याचं ठिकाण बरोबर होतं. मी रकान्यात ‘माणूस’ असं लिहिलं आणि नोंद पक्की केली. मग ते सगळे काळे फोटो एकेक करून पुन्हा उघडले आणि प्रत्येकाखाली वटवाघळाची जात लिहिली.

ही गोष्ट मी सांगितली की लोक मला हमखास विचारतात, त्या गृहस्थांचं नाव काय? मला ठाऊक आहे. जिने घ्यायचं तिने ते एकदा घेतलं आहे. जन्मभर मी दुसऱ्यांचे मोकळे रकाने भरले, हा एक मोकळा सोडते.